पोरींच्या कोपराएवढी पेटी

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाळणे येतात, रात्री नाटक असते आणि एका कोपऱ्यात झंडीमुंडीही मांडली जाते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईच्या बारा वर्षांच्या मुलाने तिथे 200 रुपये घालवले. पुढच्या बैठकीत हप्ते राहिले बाजूला, याच गोष्टीवर बोलणे झाले. पोरांना नुसते 'जाऊ नको' म्हणून भागत नाही, त्यांना दुसरे काही दाखवावे लागते. म्हणून आम्ही खेळाची पेटी बनवली. उभे कपाट, वर पडदा, खाली एक दांडी आणि बटण. शहरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात असायची तशी.

"बचतीचा पैसा खेळण्यात घालायचा?" असे दोघीतिघींनी विचारले. प्रश्न रास्तच होता. मग 6,000 रुपयांचे अंतर्गत कर्ज, नेहमीच्याच व्याजाने, पाच जणींच्या नावावर लिहिले.

आत काय असते ते आधी सांगतो, कारण आम्हीही त्यालाच घाबरत होतो. एका सरांकडून जुना कॉम्प्युटर मिळाला. दांडी आणि बटण आम्ही बाहेरून आणले, पण ते कॉम्प्युटरला जोडायला जुना की-बोर्डच कामाला आला. की-बोर्ड उघडला की आत एक छोटी हिरवी पाटी निघते. कळ दाबली की पाटीवरचे दोन बिंदू जोडले जातात, बाकी काही नाही. बाणाच्या चार कळांचे बिंदू कोणते, हे वायरचा तुकडा लावून बघितले आणि वहीत लिहून ठेवले. दांडीच्या खाली चार छोटे स्विच असतात, त्यांच्या वायरी त्या बिंदूंना सोल्डर केल्या. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी दोन सांधे करून दाखवले, उरलेले आमच्या ताईंनी केले. ही पाटी 5 व्होल्टवर चालते, तिचा शॉक बसत नाही. शॉकची भीती 230 व्होल्टच्या बोर्डाची. तिथे वायरमनच बोलवा आणि अर्थिंग करूनच घ्या.

चूक झाली ती लाकडात. फोटोत पाहून आम्ही वाढईभाऊंना बटणांची उंची 38 इंच सांगितली. पेटी तयार झाली आणि तिसरीतली पोरगी विटांवर उभी राहून खेळायला लागली! फोटोतली पेटी मोठ्या माणसांची होती, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. त्यातच प्लाय स्वस्तातला घेतला होता. ओट्यावर पावसाचे पाणी लागून तळ फुगला. मग फुगलेला भाग धरून खालचे 10 इंच कापूनच टाकले आणि एका दगडात दोन पक्षी मारले. पण दर वेळी असे नशीब साथ देत नाही. आधी पुठ्ठ्याची पेटी करा, पोरांना समोर उभे करून कोपरापर्यंत माप घ्या, मगच लाकूड कापा. आपल्याकडच्या पावसाला आयएस 710 शिक्क्याचा प्लाय घ्यावा आणि कापलेल्या कडांना रंग द्यावा, कारण पाणी कडांतूनच शिरते. गरम हवा वर जाते म्हणून मागच्या बाजूला खाली आणि वर, दोन्हीकडे भोके ठेवा. वीज अचानक गेली की कॉम्प्युटर बिघडतो. आमचा एकदा सुरूच होईना, तेव्हापासून छोटा यूपीएस लावला आहे.

आता खेळ कोणता? जुने खेळ नेटवर फुकट मिळतात, पण ते कंपन्यांच्या मालकीचे असतात. ते लावून पैसे घेणे बरोबर नाही. गटातल्या ताईच्या नववीतल्या मुलीने स्क्रॅचवर खेळ बनवला. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत तयार झाले, 2007 पासून मोफत मिळते, आणि त्यात रंगीत ठोकळे जोडत खेळ तयार होतो. हिच्या खेळात मोहफुले गळतात, ती टोपलीत झेलायची, आणि मधे वांदर येते. जपानच्या नामको कंपनीचा पॅक-मॅन 1980 साली आला, तेव्हा गेमच्या दुकानांत पुरुषच दिसायचे. बायकांनीही यावे म्हणून तोरू इवातानी यांनी मारामारी सोडून खाण्याचा विषय घेतला. हे त्या मुलीला आम्ही नंतर सांगितले. ती म्हणाली, "मग माझंच बरोबर होतं."

एका खेळाचे 5 रुपये. नाणे टाकायची खाच ठेवली नाही, एक ताई पैसे घेते आणि वहीत लिहिते. जिंकणाऱ्याला पैसे नाहीत की वस्तू नाही. जुगाराचा 1887 चा कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही हे खरे, पण पैसे लावून पैसे मिळायला लागले तर झंडीमुंडीत आणि आमच्यात फरक काय राहिला?

पहिल्या मंडईत पेटीपुढे पोरांचीच गर्दी, पोरी मागे उभ्या. दुसऱ्या मंडईपासून सात ते आठ हा तास फक्त मुलींचा ठेवला. थोडी भांडणे झाली, पण तास कायम राहिला. 200 रुपये घालवणारा तो मुलगा आता वही लिहायला बसतो.

तीन मंडया मिळून 580 खेळ झाले, म्हणजे 2,900 रुपये. व्याज सोडून 3,100 रुपये फिटायचे आहेत. पेटी सध्या समाजमंदिरात चादर घालून ठेवली आहे, आणि नववीतली ती मुलगी धानाच्या रोवणीचा खेळ बनवते आहे.