परस्मैपदांतून आत्मनेपदांत

संस्कृत शिकणाऱ्या मुलांस आम्ही तीस वर्षें एकच उदाहरण देत आलों. पुरोहित यजमानासाठीं यज्ञ करतो तेव्हां ‘यजति’ म्हणावें. यजमान स्वतःसाठीं करतो तेव्हां ‘यजते’. उभयपदी धातूंत क्रियेचें फळ दुसऱ्याकडे जात असेल तर परस्मैपद, कर्त्याकडेच येत असेल तर आत्मनेपद. मुलें हा नियम परीक्षेपुरता पाठ करीत आणि पुढें विसरून जात. खरें सांगावयाचें तर त्याचा अर्थ आम्हांलाहि पुरता उमगला नव्हता. तो उमगला सेवानिवृत्तीनंतर, आमच्याच घरांत, आमच्या सूनबाईमुळें. नोकरी सोडून लेखनाकडे वळण्याचा प्रसंग आज पुष्कळ सुशिक्षित घरांत येऊं लागला आहे. म्हणून ती हकीगत वाचकांपुढें ठेवतों.

आमचें बिऱ्हाड पालघरास. सूनबाई रसायनशास्त्राची पदवीधर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत तिनें बारा वर्षें काम केलें. सकाळची गाडी पकडावी, उमरोळी मागें टाकून बोईसरला उतरावें, तेथून रिक्षानें वसाहत गांठावी, हा तिचा नित्यक्रम. आलेले नमुने तपासावयाचे आणि अहवाल लिहावयाचा. त्या अहवालाखालीं तिची सही असे, आणि त्या सहीवर पिंपेंच्या पिंपें माल बाहेर पडे किंवा अडून राही. २०२२ च्या दिवाळीनंतर तिनें राजीनामा दिला. मराठींत लिहावयाचें, तेंहि आंतरजालावर, असा तिचा निश्चय होता.

घरांत थोडी चलबिचल झाली हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु तिनें वर्षभराच्या आपल्या वाट्याचा खर्च आधींच बाजूस काढून ठेवला होता, चिरंजीवांची नोकरी शाबूत होती, आणि हिशेबाची वही तिनें आम्हां सर्वांपुढें उघडून दाखविली होती. त्यामुळें विरोध करण्यास कोणास तोंड राहिलें नाहीं. अडचण आली ती निराळ्याच बाजूनें. जिची सही बारा वर्षें कारखान्यांत मानली जात होती, तिला स्वतःच्या नांवावर चार परिच्छेद प्रसिद्ध करण्याचें धैर्य होईना. लग्नकार्यांत कोणी विचारलें, “हल्लीं काय करतां?” कीं ती म्हणे, “कांहीं नाहीं, घरींच असतें.” लिहितें, हा शब्द तिच्या तोंडून निघत नसे.

अखेर एके दिवशीं तिनें पहिला लेख आमच्या हातीं दिला. येथें आम्हांस आमचा अपराध कबूल केला पाहिजे. आम्हीं संवयीनें लाल पेन्सिल उचलली. ऱ्हस्वदीर्घ, इंग्रजी वळणाचीं वाक्यें, विरामचिन्हें, सर्व मिळून सदतीस ठिकाणीं खुणा केल्या आणि कागद परत दिला. “बाबा, बरोबर आहे तुमचें,” एवढेंच ती म्हणाली. त्यानंतर सात आठवडे तिच्या टेबलावर कागद दिसला नाहीं. आम्ही मात्र आपण आपलें कर्तव्य बजावलें अशा समाधानांत होतों.

आमच्या सौभाग्यवतीनें एके रात्रीं ताट वाढतां वाढतां विचारलें, “तुम्हीं शुद्धलेखन तपासलेंत. पण लेख वाचलात का?”

आम्ही निरुत्तर झालों. लेख कशावर होता हेंच आम्हांस नीट आठवेना. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो मागून घेतला आणि पेन्सिल न घेतां वाचला. विषय साधा होता. संडास-मोरी स्वच्छ करतांना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड हीं दोन्हीं एकत्र वापरूं नयेत, कारण त्यांच्या संयोगानें क्लोरिन वायु सुटतो; लहानशा बंद मोरींत तो डोळ्यांस आणि फुप्फुसांस अपाय करतो, प्रसंगीं जिवावरहि बेततो. असें मिश्रण चुकून झालेंच तर प्रथम बाहेर मोकळ्या हवेंत यावें, मग बाकीचें पाहावें. ही गोष्ट आमच्या सबंध आयुष्यांत आम्हांस कोणी सांगितली नव्हती, आणि आमच्या मोरींत त्या दोन्हीं बाटल्या शेजारीं शेजारीं उभ्या होत्या! सदतीस खुणा करणाऱ्या पंतोजींस तेवढें दिसलें नव्हतें.

तेव्हां आम्हांस तें जुनें उदाहरण आठवलें. सूनबाईस लिहितां येत नव्हतें असें नाहीं. बारा वर्षें ती लिहीतच होती. पण तें लेखन परस्मैपदी होतें. फळ कंपनीचें, नांव कंपनीचें, आणि चूक झालीच तर ती सांवरून घेणारी माणसेंहि कंपनींत होतीं. आतां क्रिया तीच, फळ मात्र स्वतःकडे येणार; यशहि स्वतःचें आणि फजितीहि स्वतःची. नोकरींतला आत्मविश्वास पुष्कळदां बिल्ल्यासारखा असतो. राजीनामा देतांना तो बिल्ल्याबरोबरच परत करावा लागतो आणि माणूस एकाएकीं उघडा पडतो. यांत त्याची योग्यता कमी झालेली नसते.

या बाबतींत डॉ. जयंत नारळीकर यांची गोष्ट फार बोलकी आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठीं त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नांवानें. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलट क्रमानें घेऊन तें नांव सजविलें होतें. अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरांत लिहून घेतली होती. कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. जगभर ज्यांचें नांव खगोलशास्त्रांत आदरानें घेतलें जात होतें, त्यांनीं तें नांव आपण होऊन बाजूस ठेवलें आणि कथा स्वतःच्या पायांवर उभी राहते कीं नाहीं हें पारखून घेतलें. ज्याचा बिल्ला नोकरीबरोबर गेला आहे त्यास ही पारख आयतीच लाभते. तिला संकट समजूं नये.

दुसरें उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचें. त्यांनीं १८७९ मध्यें सरकारी शाळेंतील नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलें, हें सर्वांस ठाऊक असतें. पण निबंधमाला त्यांनीं १८७४ मध्येंच, नोकरींत असतांनाच, काढली होती, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. नोकरी सुटली तोंवर पांच वर्षांचें लेखन त्यांच्या पाठीशीं उभें होतें. मालेचे एकंदर ८४ अंक निघाले. आमच्या काळांतील अच्युत गोडबोले यांनीं सॉफ्टवेअर कंपन्यांतील मोठीं पदें सोडून ‘किमयागार’, ‘अर्थात’ अशीं पुस्तकें मराठीस दिलीं. परंतु संगणकावरील पाठ्यपुस्तकें त्यांनीं नोकरी चालूं असतांनाच लिहिलीं होतीं. धैर्य आधीं गोळा करून मग लिहावयास बसलें असें या दोघांच्या बाबतींत दिसत नाहीं. लेखन आधीं घडत गेलें आणि धैर्य त्याच्या मागून आलें. म्हणून नोकरी सोडूं इच्छिणाऱ्या तरुणांस आमचें सांगणें आहे कीं, राजीनाम्यापूर्वीं वर्षभर तरी नियमानें लिहून पाहावें. सूनबाईनें तें केलें नव्हतें, आणि त्याची किंमत तिनें त्या सात आठवड्यांत मोजली.

तो लेख शेवटीं प्रसिद्ध झाला. पहिल्या दिवशीं तो फार थोड्यांनीं वाचला. पूर्वीं मासिकांत लेख आला तर वाचकाच्या पत्राची वाट महिनाभर पाहावी लागे, आणि लेखक तोंवर दुसऱ्या कामास लागे. आंतरजालावर मात्र किती जणांनीं वाचलें याचा आंकडा घटकेघटकेस डोळ्यांपुढें असतो, आणि तासाभराची शांतता म्हणजेच जगाचा निकाल असें वाटूं लागतें. सूनबाई रात्रीं दोनदां उठून तो आंकडा पाहत असे. पुढें तिनें स्वतःच नेम केला कीं, आंकडा रविवारींच पाहावयाचा. त्या दिवसापासून तिची झोप आणि वाक्यें दोन्हीं सुधारलीं.

दीड महिन्यानें बोईसरच्या एका चाळींतील बाईंचें चार ओळींचें उत्तर आलें. त्यांचे यजमान वसाहतींत कामास. त्या दर शनिवारीं मोरी धुतांना दोन्हीं औषधें एकदम ओतीत आणि खोकला आला कीं दमेकरी प्रकृतीस दोष देत. आतां तसें करीत नाहींत, असें त्यांनीं कळविलें होतें. सूनबाईनें तें उत्तर आम्हांस वाचून दाखविलें. पुढच्याच आठवड्यांत एका नातेवाइकांनीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, “मी लिहितें.” आवाज जरा बारीक होता, पण शब्द स्पष्ट होता.

तेव्हांपासून सारें सुरळीत झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. आजहि तिची मिळकत जुन्या पगाराच्या निम्म्यावर आलेली नाहीं. तींतहि मोठा वाटा औषधांच्या माहितीपत्रकांच्या भाषांतराचा आहे. कांहीं लेखांकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. एकदां कोणा अनोळखी गृहस्थानें अत्यंत उर्मट अभिप्राय दिला आणि ती दिवसभर जेवली नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं ठरल्या वेळीं टेबलाशीं बसली होती.

एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच. आपल्या घरांत कोणी असें लिहूं लागलें तर त्यास एक कोपरा आणि दिवसांतील दोन ठरीव तास द्यावेत, आणि त्या वेळांत दूधवाल्यासाठीं दार उघडण्यास त्यास उठवूं नये. घरीं बसून केलेलें काम हेंहि कामच असतें. “त्याचे किती मिळतात?” हा प्रश्न रोज विचारूं नये, घरखर्चाची वही महिन्यांतून एकदां सर्वांनीं मिळून पाहिली म्हणजे पुरे. आणि लेख हातांत आला तर प्रथम तो वाचावा. शुद्धलेखनाची आवश्यकता आम्हांइतकी कोणास वाटत असेल असें नाहीं, पण पेन्सिल दुसऱ्या दिवसापर्यंत टेबलाच्या खणांत राहिली तर व्याकरणाचें कांहीं बिघडत नाहीं.

प्रस्तुत लेखहि धाडण्यापूर्वीं आम्हीं सूनबाईस दाखविला. तिनें तो एकदां सबंध वाचला आणि किंचित् हंसून म्हणाली, “बाबा, तुमच्या अपराधाचा परिच्छेद जरा लवकर आटोपलात.” मग आम्हीं तो पुन्हां लिहिला.