हिवाळी सहल, बेताच्या खर्चात

एस. टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. सुमारे १२० किलोमीटरचा हा प्रवास मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबास आजही परवडणारा आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची, तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत देण्यात आली. त्यामुळे केवळ खर्चापायी आजी-आजोबांना घरी ठेवण्याचे कारण उरलेले नाही. वयाचा पुरावा मात्र जवळ असावा. रात्रभर जमीन उष्णता गमावत असल्याने थंडीचा कडाका सूर्योदयाच्या सुमारास सर्वाधिक असतो. म्हणून वृद्ध व बालके सोबत असल्यास ऊन चढल्यावर निघावे. शिदोरी घरचीच घ्यावी. पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये जेथे बंदिवासात ग्रंथलेखन केले, तो भुईकोट किल्ला याच शहरात आहे.