तुपाचा दाणा आणि विमानाचें पातें

वसईजवळच्या गिरीज गांवीं संध्याकाळीं अंगणांत बसलें असतां मुंबईकडे उतरणारें विमान डोक्यावरून जातें आणि मुलें माना वर करून पाहत राहतात. त्यांतील शेंकडों जिवांचा भार ज्या धातूवर असतो, त्याविषयीं आज आम्ही चार शब्द सांगणार आहों. विषय लोहशाळेचा खरा. परंतु ज्या भगिनींस लोणी कढवून तूप करतां येतें, त्यांस त्याचें निम्में मर्म ठाऊकच आहे.

कढत तुपांत दाणा नसतो. तेंच सावकाश निवूं दिलें तर रवाळ होतें. एकदम थंड केलें तर दाणा बारीक राहतो. जिन्नस एकच, फरक केवळ निवण्याचा.

जेट यंत्रांत तप्त वायूच्या झोतांत फिरणारीं पातीं निकेलच्या मिश्रधातूचीं असतात. निकेल १४५५ अंश सेंटिग्रेडला वितळतें. पण त्याच्या पुष्कळ आधींच तें मऊ पडतें. म्हणून त्यांत क्रोमियम, टिटॅनियम व ॲल्युमिनियम मिसळतात. इंग्लंडांत १९४० च्या सुमारास निघालेला 'निमोनिक ८०' हा या कुळांतील एक आद्य धातु. त्याच्या '८० ए' या सुधारलेल्या जातीस प्रथम १०८० अंशांवर ८ तास ठेवतात. तेव्हां आंतील ॲल्युमिनियम व टिटॅनियम निकेलांत विरघळून जातात. मग तो हवेंत निववून पुनः ७०० अंशांवर १६ तास ठेवतात. या दुसऱ्या तापांत निकेलशीं त्यांचा संयोग होऊन सूक्ष्म कण धरूं लागतात; केसाच्या जाडींत असे हजारों मावतील. धातूचे थर एकमेकांवरून घसरूं लागले कीं हे कण आडवे येतात. हेंच पात्याचें बळ.

ताप अपुरा पडला तर कण पुरे धरत नाहींत. अधिक झाला तर मोठे कण लहानांस गिळतात, त्यांमधील अंतर वाढतें आणि धातु दुबळा होतो. कांहीं जातींत तर गोल कण वाढतां वाढतां चौकोनी ठोकळ्यांसारखे बनतात. अशा रीतीनें जिनसांचें प्रमाण अचूक असूनहि भट्टीवरील एका चुकीनें सारें व्यर्थ होतें.

नाशिकजवळ ओझर येथें १९६० नंतरच्या दशकांत मिग-२१ विमानें बांधूं लागले, त्यांचीं यंत्रें कोरापुटास होऊं लागलीं, आणि हें शास्त्र आपल्याहि दारीं आलें.

पुढच्या खेपेस तूप कढवाल तेव्हां एक वाटी ओट्यावर व एक थंड पाण्यांत ठेवावी, आणि सकाळीं दोन्हींतील दाणा मुलांस दाखवावा. मग विमान डोक्यावरून गेलें कीं त्यांस सांगण्यासारखें पुष्कळ असेल.