सगळ्याच डिस्क 'एसडीए' नसतात

हिंजवडीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क सगळे पुण्याचा म्हणतात, पण तो मुळशी तालुक्यात आहे. तिथली सर्व्हर रूम असो की लवळ्यातल्या विद्यापीठाची लॅब, एकेका मशीनपुढे बसून लिनक्स टाकणं परवडत नाही. मशीन नेटवर्कवरून बूट होतं, आधीच लिहून ठेवलेल्या फाइलमधून उत्तरं घेतं आणि इन्स्टॉलेशन आपोआप उरकतं. रेड हॅटमध्ये ही फाइल म्हणजे किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट आणि उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. जुनी-नवी मशीन एकत्र आली, की घोडं डिस्कपाशी अडतं. "खरंच पुसू का?" असं विचारायला तिथे कुणी नसतं, म्हणून पुढचे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज १ : मशीनमधली पहिली डिस्क म्हणजे 'एसडीए'.

वस्तुस्थिती : साटा, एसएएस आणि यूएसबी डिस्कना कर्नल एसडीए, एसडीबी अशी नावं देतो. एनव्हीएमई एसएसडी मात्र 'एनव्हीएमई०एन१' होते, केव्हीएमवरची व्हर्टआयओ डिस्क 'व्हीडीए' आणि स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी 'एमएमसीबीएलके०'. फाइलमध्ये एसडीए लिहिलेलं असेल, तर एनव्हीएमईच्या मशीनवर इन्स्टॉलेशन थांबतं. एवढ्यावर निभावलं तर नशीब. त्या मशीनला बॅकअपची यूएसबी डिस्क जोडलेली असेल, तर 'एसडीए' तीच ठरते आणि पुसली जाते.

गैरसमज २ : एकदा मिळालेलं नाव कायम राहतं.

वस्तुस्थिती : डिस्क ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने नावं मिळतात. मशीनमध्ये अनेक डिस्क असल्या, की हा क्रम रीबूटनंतर बदलू शकतो. 'डिस्क/बाय-आयडी' या फोल्डरमधली मॉडेल आणि सिरियल नंबरवरून बनलेली नावं मात्र बदलत नाहीत. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहितात, तेही याच कारणाने.

गैरसमज ३ : डिस्कच्या नावापुढे १ लावला की पहिलं पार्टिशन.

वस्तुस्थिती : 'एसडीए१' बरोबर आहे. पण डिस्कचं नावच अंकाने संपत असेल, तर मध्ये 'पी' येतो : 'एनव्हीएमई०एन१पी१', 'एमएमसीबीएलके०पी१'. नुसता १ चिकटवणारी स्क्रिप्ट 'एनव्हीएमई०एन११' शोधत बसते. असं पार्टिशन नसतंच.

गैरसमज ४ : सगळ्यात मोठी डिस्क किंवा एसएसडी निवडा, काम झालं.

वस्तुस्थिती : ऑटोइन्स्टॉलमध्ये दोन्ही निकष देता येतात, पण स्टोरेज सर्व्हरवर सगळ्यात मोठी डिस्क बहुधा डेटाची असते. एसएसडी ओळखायला कर्नलचा 'रोटेशनल' हा आकडा बघतात : ० म्हणजे न फिरणारी, १ म्हणजे फिरणारी. व्हर्च्युअल डिस्क किंवा रेड कार्डामागची डिस्क प्रत्यक्षात एसएसडीवर असूनही १ दाखवू शकते. म्हणून एका निकषावर विसंबू नये. डिस्क यूएसबीवर नाही, काढता येण्याजोगी नाही आणि आकार ठरलेल्या मर्यादेत आहे, हे तिन्ही तपासावं.

गैरसमज ५ : डिस्क दिसत नाही, म्हणजे ती खराब आहे.

वस्तुस्थिती : इंटेलच्या अनेक मशीनमध्ये बायोसमध्ये स्टोरेज रेड मोडवर असतं आणि त्यामागची एनव्हीएमई इन्स्टॉलरला दिसत नाही. एएचसीआय मोड केला की ती दिसू लागते. त्याच मशीनवर विंडोज ठेवायचं असेल, तर हा बदल आधी विचारपूर्वक करावा, नाहीतर विंडोज बूट होणं थांबू शकतं.

मग फाइल लिहावी कशी? किकस्टार्टच्या 'प्री' भागात छोटी स्क्रिप्ट ठेवा. तिने 'एलएसबीएलके'ने डिस्कची यादी काढावी, निकष लावावेत आणि निवडलेल्या डिस्कच्या ओळी एका फाइलमध्ये लिहाव्यात. ती फाइल मुख्य किकस्टार्टमध्ये 'इन्क्लूड' करा. प्रीसीड आणि ऑटोइन्स्टॉलमध्ये हेच काम 'अर्ली कमांड' करते. 'क्लिअरपार्ट ऑल' मात्र मोकळं सोडू नका. डिस्क नेमून दिली नाही, तर इन्स्टॉलरला दिसणाऱ्या सगळ्या डिस्कवरची पार्टिशन त्यात जातात.

निकषांत नेमकी एकच डिस्क बसली, तरच पुढे जायचं. एकही बसली नाही किंवा दोन बसल्या, तर स्क्रिप्टने तिथेच थांबून कारण स्क्रीनवर दाखवावं. थांबलेलं मशीन थोड्या वेळात पुन्हा सुरू करता येतं, पण बॅकअप नसेल तर पुसलेला डेटा बहुधा परत येत नाही.