कर्सर बदला, पण नेम सांभाळा!

संगणकावर काम करताना नजर सर्वाधिक वेळ खिळलेली असते ती एका इवल्याशा बाणावर. मजकुरावर गेला की त्याची उभी रेघ होते, चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचाच ब्रश किंवा खोडरबर होतो. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा कर्सर वापरण्याची ही सोय वरवर सजावटीची वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे काटेकोर गणित आहे आणि ते चुकले की त्रास वापरणाऱ्याला होतो.

डग्लस एंजेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या ‘आल्टो’ संगणकावर कर्सरचे चित्र अवघ्या १६ बाय १६ ठिपक्यांत बसवलेले होते. विंडोजमध्ये ही चौकट दीर्घकाळ ३२ बाय ३२ ठिपक्यांची राहिली.

एकच ठिपका महत्त्वाचा

चित्र कितीही मोठे असले, तरी संगणकाच्या लेखी कर्सर म्हणजे एकच ठिपका. त्याला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. बाणाचा हॉटस्पॉट टोकावर, तर अधिक चिन्हाचा मध्यभागी असतो. विंडोजची कर्सरची फाईल आणि आयकॉनची फाईल यांची रचना जवळपास सारखीच असते. कर्सरच्या फाईलमध्ये हॉटस्पॉटची जागा सांगणारे दोन आकडे असतात, हा मुख्य फरक.

जावा भाषेत कर्सर तयार करताना ही जागा सांगावीच लागते. ‘क्यूटी’ या साधनसंचात ती सांगितली नाही, तर चित्राचा मध्य गृहीत धरला जातो. साहजिकच पेन्सिलीचे टोक कोपऱ्यात असेल, तर रेघ टोकाऐवजी पेन्सिलीच्या पोटातून उमटू लागते. ३२ ठिपक्यांच्या चित्रात ही चूक आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना सुमारे १६ ठिपक्यांची होते. इमारतीचा आराखडा काढणाऱ्याला ती परवडणारी नाही.

दिसणेही तितकेच महत्त्वाचे. काळा कर्सर काळ्या पार्श्वभूमीवर हरवतो, म्हणून पांढऱ्या बाणाला काळी किनार दिली जाते. मागचा रंग उलटा करून दिसणारे कर्सरही असतात. मात्र मध्यम करड्या रंगावर तेही जवळपास अदृश्य होतात, कारण करड्याचा उलटा रंग करडाच!

वापरणाऱ्याची निवड

दृष्टी अधू असलेले अनेकजण विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मोठा कर्सर निवडतात. सॉफ्टवेअरने स्वतःचे ठरावीक आकाराचे चित्र लादले, तर ही निवड निष्फळ ठरते. त्यामुळे जेथे साधन बदलले आहे हे दाखवणे आवश्यक आहे, तेथेच वेगळा कर्सर द्यावा. अन्यत्र मूळचाच ठेवावा. ‘थांबा’ सांगणारा कर्सर तर काम संपताच, मध्येच चूक उद्भवली तरीही, मागे घ्यायलाच हवा. अन्यथा संगणक अडकला असे समजून वापरणारा प्रोग्रॅम बंद करतो आणि जतन न केलेले काम गमावतो.

कर्सरची फाईल निरुपद्रवी असते, हाही गैरसमजच. हलत्या कर्सरच्या फाईली वाचण्याच्या विंडोजच्या पद्धतीतील गंभीर त्रुटी २००७ मध्ये जाहीरपणे उघड झाली. मुद्दाम बिघडवलेल्या फाईलद्वारे हल्लेखोराला संगणकाचा ताबा घेणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या मासिक वेळापत्रकाची वाट न पाहता ३ एप्रिल २००७ रोजी दुरुस्ती जारी केली. फुकट मिळणारे आकर्षक कर्सर उतरवून घेण्यापूर्वी हा अनुभव आठवलेला बरा.