सोडण्याआधी परत घेता आलं पाहिजे

प्लॅटिनमची तार मेंदूतल्या धमनीवर आलेल्या फुगवट्यात पूर्ण शिरलेली असते. जांघेतल्या धमनीतून आत घातलेली नळी पोट, छाती, मान असा प्रवास करून डोक्यात पोचलेली असते. तिच्या टोकातून केसासारख्या बारीक तारेची स्प्रिंग बाहेर येऊन वेटोळी घालून बसलेली असते. तरीही डॉक्टर ती लगेच सोडत नाहीत. डाय सोडून पुन्हा चित्र काढतात, दोन बाजूंनी पाहतात. मूळ धमनी वाहते आहे ना? एखादं वेटोळं तिच्यात डोकावत तर नाही? शंका आली, तर अख्खी स्प्रिंग नळीत मागे ओढून पुन्हा बसवतात. सगळं मनासारखं झालं की मगच हातातल्या छोट्या पेटीचं बटण दाबलं जातं. काही सेकंदांत जोड तुटतो आणि ही स्प्रिंग, म्हणजे कॉइल, कायमची आत राहते.

नको असलेली किंवा बिघडलेली रक्तवाहिनी शरीर न उघडता बंद करण्याच्या विद्येला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. या काळात उपकरणं लहान झाली, मऊ झाली, महागही झाली. पण खरी प्रगती माझ्या मते वेगळीच आहे. आत ठेवलेली वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत परत घेता यावी, यासाठी माणसांनी घेतलेले कष्ट म्हणजेच या विद्येचा इतिहास आहे.

आधी वाट दिसणं गरजेचं होतं. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी 1927 साली मेंदूच्या धमन्यांचं क्ष-किरण चित्र घेतलं. पुढे दहा वर्षांनी, 1937 मध्ये, अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून धमनीवरच्या फुगवट्याच्या मानेला चांदीची क्लिप लावली. मेंदूची शस्त्रक्रिया पुढची अनेक दशकं त्याच वाटेनं गेली. दुसरी वाट स्वीडनमधून आली. स्वेन-इव्हार सेल्डिंगर या तरुण रेडिओलॉजिस्टनं 1953 मध्ये सुई, तार आणि नळी यांचा साधा क्रम प्रसिद्ध केला: सुईनं धमनी टोचायची, सुईतून तार सरकवायची, सुई काढून तारेवरून नळी आत न्यायची. आज अँजिओग्राफीला जाणारा प्रत्येक पेशंट याच क्रमातून जातो.

वाट मिळाल्यावर प्रश्न उरला, आत ठेवायचं काय? मॉस्कोच्या बुर्देन्को संस्थेतले न्यूरोसर्जन फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी फुगा ठेवला. नळीच्या टोकाला इवलासा फुगा, आत नेऊन फुगवायचा आणि नळीपासून सुटा करायचा. त्यांचा 1974 चा इंग्रजी लेख वाचून जगभरचे न्यूरोसर्जन चकित झाले. पण फुग्याच्या मर्यादा लवकरच कळल्या. काही फुगे कालांतरानं गळायचे, काहींच्या दाबानं फुगवट्याची मुळातच पातळ असलेली भिंत फुटायची. धमनीवरचा फुगवटा ओबडधोबड असतो आणि रबर आपला गोलपणा सोडत नाही.

अमेरिकेत सेझारे जियांतुर्को आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये पोलादी तारेची स्प्रिंग पुढे आणली. रक्त लवकर गोठावं म्हणून तिला चक्क लोकरीचे धागे बांधलेले होते. रक्तस्राव थांबवायला, मूत्रपिंडाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडायला ती उत्तम होती. मात्र एकदा ढकलली की ढकलली. चुकीच्या फांदीत गेली तरी परत घ्यायची सोय नव्हती. हातापायाच्या धमनीत ही जोखीम एकवेळ चालेल, मेंदूत कशी चालावी?

हा पेच सोडवला तो ग्विदो गुलियेल्मी या इटालियन न्यूरोसर्जननं. रोममध्ये ते फुगवट्यातलं रक्त विजेच्या सौम्य प्रवाहानं गोठवण्याचे प्रयोग करत होते. त्यात एकदा इलेक्ट्रोडचं टोकच गळून पडलं. प्रवाहामुळे पोलाद रक्तात विरघळलं होतं. त्या बिघाडातून त्यांना उपाय दिसला. पुढे लॉस एंजलिसच्या यूसीएलएमध्ये त्यांनी मऊ प्लॅटिनमची कॉइल पोलादी तारेला जोडली. प्रवाह सोडला की जोडाजवळचं उघडं पोलाद विरघळतं, प्लॅटिनम मात्र तसंच राहतं. प्रवाह सोडेपर्यंत कॉइल हवी तितक्या वेळा आतबाहेर करता येते. 1990 मध्ये माणसांवर वापर सुरू झाला आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता दिली.

कॉइल फुगवटा ठासून भरते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात दाटीवाटीनं भरलेल्या फुगवट्यातही धातू साधारण पाव भाग जागा घेतो. उरलेली जागा पेशंटचं स्वतःचं गोठलेलं रक्त भरतं. म्हणूनच काही फुगवट्यांची मान पुन्हा उघडते आणि पुढची तपासणी टाळून चालत नाही.

कवटी उघडावी की नळी घालावी, हा वाद 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या आयसॅट चाचणीनं बराचसा मिटवला. फुगवटा फुटलेले आणि दोन्ही उपचारांना योग्य असलेले 2143 रुग्ण तीत होते. एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात 30.6 टक्के, तर कॉइलच्या गटात 23.7 टक्के होतं. याचा अर्थ क्लिप संपली असा नाही. रुंद मानेचे, अवघड फांदीवरचे काही फुगवटे आजही सर्जनच्याच हातात सुरक्षित असतात.

रुंद मानेच्या मोठ्या फुगवट्यांसाठी पुढे फ्लो डायव्हर्टर आला. त्यात फुगवट्याच्या आत काहीच ठेवत नाहीत. मूळ धमनीत दाट विणीची नळीदार जाळी बसवतात, फुगवट्यात जाणारा प्रवाह मंदावतो, आतलं रक्त गोठतं आणि जाळीवर धमनीचं नवं अस्तर येतं. अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळालेल्या पाइपलाइन या जाळीत 48 तारा विणलेल्या असतात. फुगवटा असा बंद व्हायला महिने लागतात आणि तोवर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं चालू ठेवावी लागतात. पहिल्या पिढीची जाळी एकदा उघडू लागली की आवरून परत घेणं कठीण होतं. नंतरच्या जाळ्या अर्ध्याहून जास्त उघडल्यावरही नळीत मागे घेता येतात.

हृदयाच्या बाबतीतही हीच गोष्ट दिसते. गर्भात फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक वाहिनी असते, ती जन्मानंतर काही दिवसांत आपोआप मिटते. काही बाळांत, विशेषतः वेळेआधी जन्मलेल्यांत, ती उघडीच राहते. बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 मध्ये छाती उघडून ती बांधली. नंतर कर्ट अॅम्प्लात्झ यांनी निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळी वापरली. ताणून नळीत बसवता येते, बाहेर पडताच मूळ आकार घेते. ती एका केबलला आट्यांनी जोडलेली असते. जागा पसंत पडली की केबल उलटी फिरवायची, नाही पडली तर ओढून परत घ्यायची. आपल्याकडे आईवडील ‘बाळाला छत्री बसवली’ म्हणतात, ती बहुधा याच घराण्यातली. 2019 मध्ये अमेरिकेत अशाच एका इवल्या उपकरणाला अवघ्या 700 ग्रॅम वजनाच्या बाळांसाठी मान्यता मिळाली.

सगळ्यात अवघड प्रकरण एव्हीएमचं. धमन्या आणि शिरा यांचा जन्मजात गुंता, मध्ये केशवाहिन्याच नाहीत. तिथे स्प्रिंग पुरत नाही, द्रव लागतो. सायनोअॅक्रिलेटचा गोंद रक्ताला लागताच काही सेकंदांत घट्ट होतो, डॉक्टरांनी क्षणात नळी ओढली नाही तर ती आतच चिकटते. ऑनिक्स हा काळा द्रव सावकाश घट्ट होतो, मध्येच थांबता येतं, चित्र पाहून पुढे जाता येतं. तरी नळी अडकतेच, म्हणून टोक आत सोडून देता येईल अशा नळ्या निघाल्या.

पण मागे घेण्याचा सगळ्यात मोठा धडा 2014 च्या अरुबा चाचणीनं दिला. न फुटलेल्या एव्हीएमवर उपचार केलेल्या गटात पक्षाघात किंवा मृत्यू 30.7 टक्के, फक्त औषधांवर ठेवलेल्या गटात 10.1 टक्के. सरासरी 33 महिन्यांचाच हा हिशोब होता आणि रक्तस्रावाची जोखीम आयुष्यभराची असते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही हात लावता येतो म्हणून लावायचा नाही, हे या शाखेनं स्वतःच्या आकड्यांतून शिकलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आणि तीच शाखा 2023 मध्ये बॉस्टनमध्ये 34 आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूत, आईच्या पोटातून सुई नेऊन, कॉइल बसवते. जन्मानंतर वाट पाहणं त्या बाळाला परवडणारं नव्हतं.

आपल्याकडे अडतं ते किमतीपाशी. एका फुगवट्याला अनेक कॉइल लागतात, प्रत्येकीची किंमत वेगळी आणि बहुतेक माल परदेशातून येतो. म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचं काम मोलाचं आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या निटिनॉलपासून तिनं फ्लो डायव्हर्टर आणि हृदयाचं छिद्र बुजवणारं उपकरण तयार केलं. 2020 मध्ये दोन्हींचं तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस कंपनीला दिलं. माणसांवरच्या चाचण्यांचा टप्पा तेव्हा पुढे होता.

बिनटाक्याच्या उपचाराचा एक तोटाही आहे. जांघेतली खूण आठवड्याभरात पुसली जाते, पेशंट बरा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. कॉइल बसवलेल्यांची सहा महिन्यांनंतरची तपासणी राहून जाते. फ्लो डायव्हर्टरच्या पेशंटना तर अधिक जपावं लागतं. दात काढायचा म्हणून कोणीतरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या, तर जाळीत गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. अशा वेळी दाताच्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवावं आणि जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नये.