सेवा करणाऱ्याचे समाधान

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हा तिचे वय एक्याऐंशी होते. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. परंतु पुढील काही महिने तिला उठवणे, बसवणे, वॉकर धरून चालवणे, अंघोळ घालणे यासाठी दिवसभर कुणीतरी जवळ असणे आवश्यक होते. मी दवाखान्यात, पत्नी नोकरीवर. म्हणून एका ब्युरोमार्फत बारा तासांसाठी सेविका ठेवली. पाच महिन्यांत तीन सेविका आल्या आणि तिघीही काम सोडून गेल्या.

पहिल्या दोघी गेल्या तेव्हा मी ब्युरोला दोष दिला. तिसरी मात्र कामात चोख होती आणि आईचे तिच्याशी चांगले जमले होते. ती निघाली तेव्हा मी पगार वाढवून देण्याची तयारी दाखवली. ती म्हणाली, "पैशाचं नाही, डॉक्टर. आजींबद्दल मी काही सांगायला गेले, की तुम्ही म्हणता, ते माझ्यावर सोडा. मग मी इथं नुसती उचलायला-बसवायलाच आहे का?"

ती कशाविषयी बोलत होती हे मला ठाऊक होते. सकाळच्या रक्तदाबाच्या गोळीनंतर आजी खुर्चीतून उठल्या की त्यांचा तोल जातो, असे तिने मला दोनदा सांगितले होते. आईचा रक्तदाब मी स्वतः मोजत होतो आणि आकडे उत्तम येत होते. पण मी तो नेहमी बसवून मोजत असे. सेविका गेल्यानंतर नवव्या दिवशी आई न्हाणीघराच्या दारात पडता पडता वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा रक्तदाब प्रथमच आडवे निजवून आणि नंतर उभे करून मोजला. निजलेली असताना वरचा आकडा १४२ होता. उभी राहिल्यावर दोन मिनिटांनी तो ११० वर उतरला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक खाली येणे, हे वृद्धांच्या पडण्यामागचे एक महत्त्वाचे कारण असते. फिजिशियन मित्राच्या सल्ल्याने गोळीची मात्रा कमी केली. सेविकेचे निरीक्षण अचूक होते. एमबीबीएस होऊन तीस वर्षे झालेल्या माझ्यासारख्या डॉक्टरने ते ऐकून घेतले नव्हते.

रुग्णाला समाधान वाटते का, हे आपण नेहमी विचारतो. रुग्णाची सेवा करणाऱ्याला त्याच्या कामात समाधान वाटते का, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारते. या दोन प्रश्नांचा परस्परांशी किती निकटचा संबंध आहे, हे मला त्या प्रसंगाने शिकवले.

पगार आणि समाधान

समाधानाचा विषय निघाला की पहिला विचार पैशाचा येतो आणि तो योग्यच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाचा विचार मांडला. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीसांना त्यांनी कामातील सुखद आणि दुःखद प्रसंग विचारले होते. त्यांना असे आढळले, की अपुरा पगार, गैरसोयी, वरिष्ठांचा जाच यांमुळे मनुष्य असमाधानी होतो. पण या गोष्टी दूर केल्याने तो आपोआप समाधानी होतो असे नाही. समाधान प्रामुख्याने येते ते काम यशस्वी झाल्याच्या जाणिवेतून, त्याची दखल घेतली जाण्यातून आणि सोपवलेल्या जबाबदारीतून. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली. तथापि माझ्या तिसऱ्या सेविकेचे उत्तर त्यात तंतोतंत बसते.

याचा अर्थ कौतुक केले की पैसे कमी दिले तरी चालतात, असा मात्र कुणी काढू नये. आपल्या आशाताईंचे उदाहरण पाहावे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून त्यांचे काम उभे राहिले. कोरोनाकाळात त्या दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण कागदोपत्री त्या स्वयंसेविका आहेत; त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो वाढावा व वेळेवर मिळावा यासाठी महाराष्ट्रातील आशाताईंना वारंवार संपावर जावे लागले आहे. परिचारिकांचीही कथा फार वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, खासगी रुग्णालय लहान असले तरी परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये, अशी शिफारस केली. अशी शिफारस करावी लागली, यातच मूळ स्थिती काय होती ते दिसते. सन्मानाने घरभाडे भागत नाही आणि नुसत्या पगाराने मन भरत नाही, दोन्ही लागतात.

भार आणि थकवा

दुसरा प्रश्न कामाच्या भाराचा. २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की एका परिचारिकेकडे शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला, की रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो. त्याच वेळी परिचारिकेच्या मनात नोकरीविषयी असमाधान निर्माण होण्याचा संभव १५ टक्क्यांनी, तर ती मनाने पार थकून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढतो. सेवा करणाऱ्याचा थकवा आणि रुग्णाची सुरक्षितता एकाच भाराखाली वाकतात, हे यावरून ध्यानात यावे.

या थकव्याला बर्नआउट म्हणतात. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत: मनाची शक्ती संपून जाणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही असे वाटणे. रुग्णालयात एखाद्या सिस्टर आजोबांना नावाऐवजी 'सहा नंबर' म्हणू लागल्या, तर आपण त्यांना उद्धट ठरवतो. कदाचित ते दुसरे लक्षण असेल. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला रोग मानत नाही; कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा तो परिणाम आहे, असे ती म्हणते. म्हणून त्यावरचा उपाय केवळ त्या व्यक्तीने प्राणायाम करण्यात नाही. कामाची मांडणीही बदलावी लागते.

शब्दाला किंमत

अशी मांडणी बदलण्याचे एक लक्षणीय उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. तेथे घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना प्रत्येक कामाची मिनिटे मोजून दिली जात. योस द ब्लोक हे स्वतः परिचारक होते. त्यांनी २००६ साली काही सहकाऱ्यांसह 'बुर्टझोर्ग' ही संस्था सुरू केली. या नावाचा अर्थ 'शेजारची सेवा'. येथे फार तर बारा जणांचा एक गट असतो. कुणाकडे कोणी जायचे, किती वेळ द्यायचा, हे गट स्वतः ठरवतो. वर साहेब नाही. त्या रुग्णाला पुन्हा स्वावलंबी कसे करता येईल, हाच विचार केंद्रस्थानी असतो. या संस्थेचे कर्मचारी कमालीचे समाधानी असल्याचे दिसून आले आणि देशातील उत्तम नोकरीदाती संस्था म्हणून तिचा अनेकदा गौरव झाला.

शब्दाला किंमत असावी, तशीच अंगाला सुरक्षितताही हवी. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करणारा कायदा महाराष्ट्राने २०१० सालीच केला. तरी मारहाणीच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आपल्या कामात मार बसू शकतो, ही भीती मनात असेल तर तेथे समाधान कसे रुजावे?

वृद्धसेवेतील यश

माझ्या व्यवसायातील समाधानाचे क्षण आठवतो, तेव्हा ताप उतरून खेळायला लागलेली मुले डोळ्यांपुढे येतात. काम यशस्वी झाले हे तेथे लगेच दिसते. वृद्धांची सेवा करणाऱ्याला हे सुख मिळणे अवघड असते. पार्किन्सनचा किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ठणठणीत होऊन घरी जात नाही. उत्तम सेवा करूनही रुग्ण हळूहळू खालावतच जातो. तेव्हा येथे यशाचे माप वेगळे घ्यावे लागते. सहा महिने अंथरुणावर असूनही पाठीला व्रण झाला नाही, हे यश आहे. आजोबांनी आज स्वतःच्या हाताने चार घास खाल्ले, हेही यश आहे. पण हे कुणीतरी पाहावे आणि बोलून दाखवावे लागते. ते काम घरच्या माणसांचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

चौथी सेविका आली तेव्हा आम्ही घरातील काही पद्धती बदलल्या. त्यांचा उपयोग झाला, म्हणून त्या येथे देतो.

१. कामाची यादी पहिल्याच दिवशी स्पष्ट करावी. रुग्णसेवेसाठी आलेल्या व्यक्तीला घरची धुणीभांडी सांगू नयेत.

२. आठवड्याची सुट्टी ठरलेली असावी. चोवीस तासांच्या कामात सलग झोपेचे तास राखून ठेवावेत. त्या वेळी घरातील कुणीतरी जागे राहावे.

३. बसायला खुर्ची, सामान ठेवायला जागा, वेळेवर जेवण. वेगळा कप, वेगळी ताटली या प्रथा कृपया बंद कराव्यात.

४. एक वही ठेवावी. खाणे, पाणी, लघवी, शौच, झोप यांबरोबर 'आज काय वेगळे वाटले' यासाठी एक रकाना असावा. लिहिता येत नसेल तर रोज संध्याकाळी पाच मिनिटे विचारावे. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्यावी. शक्य तर सेविकेलाही सोबत न्यावे.

५. रुग्णाने आरडाओरडा केला, संशय घेतला, तर तो आजाराचा भाग असू शकतो हे सेविकेला समजावून सांगावे आणि तिच्या बाजूने उभे राहावे.

ज्येष्ठ वाचकांना एक विनंती आहे. तुमची सेवा करणाऱ्याचे नाव लक्षात ठेवा, घरी मुलेबाळे कशी आहेत ते विचारा. अंथरुणावर असतानाही देता येईल असे हे दान आहे. आणि ज्या घरांत सून, मुलगी किंवा वृद्ध पत्नीच सारी सेवा करते, तिथे तर पगारही नाही आणि रजाही नाही. वर सांगितलेली सुट्टी, झोप आणि दखल यांची गरज तिलाही तितकीच आहे. भावंडांनी आपसांत पाळ्या लावून ती द्यावी.

काही महिन्यांनी मी त्या तिसऱ्या सेविकेला दूरध्वनी केला. ती दुसऱ्या घरी काम करत होती. तिचे म्हणणे खरे होते आणि मी ते ऐकायला हवे होते, हे तिला सांगितले. ती क्षणभर काही बोलली नाही. मग तिने विचारले, "आजी आता एकदम उठत नाहीत ना? आधी पलंगाच्या कडेला थोडं बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, असं मी त्यांना शिकवलं होतं."

आई रोज तसेच करत होती. तिला हे कुणी शिकवले, असे मी तोवर विचारलेच नव्हते.